पेरूव्हियन लिलीला नुसती पानंच येतात, फूल नाही, काय करू?

नमस्कार मंडळी, पाचगणीकडच्या एका भाऊंनी विचारलंय की शेडमधल्या अल्स्ट्रोमेरियाला, म्हणजे पेरूव्हियन लिलीला, काड्या कमरेएवढ्या झाल्यात पण कळी नाही, युरिया देऊ का. तर भाऊ, युरिया अजिबात नको, त्याने पालाच वाढेल. ह्या झाडाची मेख खताला नाही, मातीच्या गारव्याला आहे, नाव पेरू देशाचं असलं तरी बहुतेक जाती चिली आणि ब्राझीलच्या. कंदाभोवतीची माती काही आठवडे १५ अंशांच्या खाली राहिली तर फुलाच्या काड्या निघतात, आणि २० च्या वर जात राहिली की नुसत्या पानांच्या. हवा नाही बरं का, माती! म्हणून बेडवर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा चांगला जाड पसरा, उन्हाळ्यात शेडनेट ठेवा, पाणी ड्रिपने थोडं थोडं द्या, साचू देऊ नका नाहीतर कंद सडतो.

दुसरं म्हणजे काडी कात्रीने कापू नका. बुडाशी धरून जरा पिळून एक हिसका द्यायचा, काडी कंदापासून सुटून येते आणि तिथे नवा फुटवा जोर धरतो. वांझ काड्याही अशाच काढायच्या. पण लागवडीला वर्ष झालेलं नसेल तर कापाच, मुळं धरलेली नसतात त्यामुळे हिसका दिला तर अख्खा कंद हातात येतो. आणि हातमोजे घाला, चिकाने काहींच्या बोटांना खाज सुटते, कातडी फुटते.

पानं देठाशी पिळा घालून उलटी झालेली दिसतात ना, तो रोग नाही, ह्या झाडाची पानं असतातच तशी. उगाच फवारणी करू नका.

आता पुण्याच्या एका ताईंनी विचारलंय, फ्लॅटमध्ये येईल का? बुटकी जात घ्या, इंका किंवा प्रिन्सेस, १२ इंची मातीची कुंडी, पूर्वेची खिडकी. ही कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधे ओली वाळू भरा, मुळं गार राहतात. हिवाळ्यात रात्री बाल्कनीतच असू द्या, घरात आणू नका, तो गारवाच तिला हवाय. तरी स्पष्ट सांगतो, एप्रिल-मेमध्ये फुलाची आशा धरू नका, तेव्हा झाड जगवलंत तरी पुष्कळ झालं.