वाचकांचे प्रश्न : सिगारची चव नेमकी येते कुठून?

प्रश्न : महागड्या सिगारच्या वर्णनात कोको, कॉफी, देवदार, कातडे, मिरी असे शब्द सर्रास वाचायला मिळतात. हे स्वाद तंबाखूत बाहेरून घातलेले असतात का? मला तर धुराशिवाय काहीच जाणवले नाही. दोष माझ्या जिभेचा की वर्णन करणाऱ्यांच्या कल्पनाशक्तीचा?

उत्तर : वर्णन करणारे कधीकधी वाहवत जातात हे खरे असले, तरी त्यांनी सारे मनचे रचलेले नसते. हाताने वळलेल्या उत्तम सिगारमध्ये पानाखेरीज काही नसते. शेवटचे टोक चिकटवायला बोटभर वनस्पतिजन्य खळ लागते, तेवढीच काय ती बाहेरची वस्तू. व्हॅनिला किंवा चेरीचा वास मुद्दाम लावलेले सिगार मिळतात, पण तो प्रकारच वेगळा.

कोको आणि कॉफीची आठवण होण्याला मात्र आधार आहे. कोकोच्या बिया आंबवून भाजतात, कॉफी भाजतात, आणि तंबाखूचे पान आधी वाळवून, मग रास रचून महिनोन्‌महिने मुरवतात. राशीच्या पोटात आपोआप उष्णता चढते, ती फार वाढू लागली की रास मोडून आतली पाने बाहेर आणि बाहेरची आत अशी पुन्हा रचतात. या काळात पानातला अमोनिया उडून जातो, उग्रपणा उतरतो आणि शर्करा व अमिनो आम्ले यांच्या संयोगातून पायराझिन वर्गातील संयुगे तयार होतात. भाजलेल्या कॉफीला आणि कोकोला खमंगपणा देणारी संयुगे याच वर्गातली आहेत. पान वाळताना हिरवा रंग विरून पिवळा उरतो, त्या पिवळ्या रंगद्रव्यांच्या विघटनातून फुलांच्या आणि सुक्या फळांच्या वळणाचे गंध येतात. देवदाराचा वास बहुधा पेटीतून लागलेला असतो. ज्या लाकडाला या धंद्यात ‘स्पॅनिश सीडर’ म्हणतात ते ना स्पेनचे, ना देवदाराचे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला तो महोगनीच्या कुळातला वृक्ष आहे.

आता तुमच्या जिभेविषयी. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी एक चव, एवढेच सांगू शकते. बाकी सगळे नाक सांगते. पुढच्या वेळी नाक चिमटीत धरून एक झुरका घ्या, धूर तोंडात घोळवा आणि मग चिमटी सोडून त्यातला थोडासा धूर नाकावाटे सावकाश बाहेर जाऊ द्या. चिमटी असेपर्यंत नुसती ऊब आणि किंचित कडवटपणा असतो, ती सुटताच मिरीची झणझण आणि तिच्यामागून भाजल्याचा खमंग वास येतो. धूर थोडाच सोडावा, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल आणि प्रयोग तिथेच संपेल.

मी स्वतः एकदा एक सिगार पात्याने उभा चिरून कागदावर उलगडला होता. बाहेरचे वेष्टन रेशमासारखे पातळ आणि बोटाला किंचित तेलकट लागणारे, त्याखाली बांधणीचे जाड, रांगडे पान, आणि आत लांबच्या लांब घड्या घातलेली भरणीची पाने. क्यूबातल्या वर्गवारीत भरणीच्या पानांना व्होलादो, सेको आणि लिहेरो म्हणतात. झाडाच्या शेंड्याकडचे लिहेरो सर्वांत जास्त ऊन खाते, म्हणून ते जाड, तेलकट आणि कडक असते व हळू जळते. त्यामुळे कारागीर ते बरोबर मध्यभागी ठेवतो. लिहेरो या शब्दाचा अर्थ ‘हलके’ असा आहे, ही गंमतच म्हणायची. व्होलादो खालचे, चवीला सौम्य, पण सिगार विझू न देणारे. चव ठरते ती या जुळणीत, आणि ती एका पेटीपासून दुसऱ्या पेटीपर्यंत तशीच राखणे हे जुळणाऱ्याचे खरे कसब.

प्रश्न : अर्ध्यापर्यंत सिगार छान लागतो, मग मात्र जिभेवर चरचर होते, तोंड कडू पडते आणि एकदा तर गरगरून घाम फुटला. माल हलका होता का?

उत्तर : मालाला बोल लावण्यापूर्वी घड्याळाकडे पाहा. मिनिटाला एक झुरका, फार तर किंचित अधिक, हा सिगारचा वेग आहे. पाच इंच लांबीचा रोबुस्तो, म्हणजे आखूड आणि जाड घडणीचा सिगार, पाऊण तास ते तासभर चालायला हवा. सिगारेटची सवय असलेला माणूस नकळत भराभर ओढतो, निखारा तापतो आणि चवीची जी नाजूक द्रव्ये तापून मोकळी व्हायची ती जळून जातात. शिवाय प्रत्येक झुरक्याचा धूर उरलेल्या पानांतून गाळला जात असल्याने डांबर आणि ओलावा मागच्या भागात साठत जातो. शेवटचा तिसरा हिस्सा कडक लागतो तो यामुळेच, आणि बोटांना चटका बसेपर्यंत तो ओढलाच पाहिजे असे कोणी सांगितलेले नाही. कडवटपणा वाढला की ठेवून द्यावा; तो विझतो आपल्या आपण.

पेटवण्यातही चूक होते. ज्योत थेट टोकाला भिडवू नये, थोडी खाली धरून सिगार फिरवत राहावे, म्हणजे कडा आधी सारखी शेकून निघते. एका बाजूने पेटला तर पुढे तो तिरकाच जळत जातो. पेट्रोलचा लायटर टाळावा, त्याचा वास पहिल्या काही झुरक्यांत उतरतो.

गरगरणे म्हणजे तंबाखू लागणे. पोट रिकामे असेल तर ती हमखास लागते. सिगार खाली ठेवावा, पाणी प्यावे, मोकळ्या हवेत बसून राहावे.

प्रश्न : सिगारचा धूर छातीत घेत नाहीत. मग तो सिगारेटपेक्षा निर्धोक मानावा का?

उत्तर : नाही. मुरवलेल्या पानाचा धूर अल्कधर्मी असतो आणि अशा धुरातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. वर विचारलेले गरगरणे छातीत धूर न घेताच आले होते, हे लक्षात घ्या. तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांचे कर्करोग सिगार ओढणाऱ्यांत अधिक आढळतात, आणि एका मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगारेटींइतकी तंबाखू असू शकते. पान कितीही उंची असले तरी या हिशेबात सवलत मिळत नाही, आणि ‘निर्धोक’ हा शब्द कोणत्याच तंबाखूला लागू होत नाही.

प्रश्न : कपाटात राहिलेले काही सिगार कोरडे पडून कुरकुरीत झाले आहेत. ओल्या फडक्यात गुंडाळले तर चालतील का?

उत्तर : फडके मुळीच नको. बाहेरचे पान आधी पाणी पिते आणि आतली भरणी नंतर फुगते, मग वेष्टन तडकते. हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखणाऱ्या बंद डब्यात त्यांना काही आठवडे राहू द्या, शक्य असल्यास सुरुवात याहून कमी आर्द्रतेवर करा. उडून गेलेली सुगंधी तेले परत येणार नाहीत, त्यामुळे फार जुने आणि खडखडीत झालेले सिगार ओढण्याजोगे होतील, पण चवीला पोकळ लागतील. डबा उबेच्या जागी ठेवू नका. पानात तंबाखूच्या भुंग्याची अंडी असतील तर ती उबेतच फुटतात, आणि मग वेष्टनावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोके दिसू लागतात.

प्रश्न : जाड आणि काळपट सिगार अधिक कडक असतो, हे खरे का?

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. काळपट रंग वेष्टनाचा, आणि तो बहुधा जास्त काळ व जास्त उष्णतेत मुरवल्याने येतो; अशा ‘मादुरो’ पानाला उलट किंचित गोडसर चव येते. जाडी इंचाच्या ६४व्या भागात मोजतात, म्हणजे ५० गेजचा सिगार साधारण २० मिलिमीटर व्यासाचा. जाड सिगारमध्ये भरणी अधिक, त्यामुळे धूर थंड आणि जुळणीची चव पुढे. बारीक सिगारमध्ये भरणीच्या मानाने वेष्टन जास्त, म्हणून वेष्टनाचीच चव वरचढ. कडकपणा आत लिहेरो किती आहे यावर ठरतो, आणि ते बाहेरून पाहून कोणालाच सांगता येत नाही.