मागतंय म्हणून द्यायचं?

"मागतंय म्हणून देतो, मॅडम. मुक्या जिवाला उपाशी कसं ठेवायचं?" बेळगावात इतकी वर्षं समुपदेशन करतेय, पण हे वाक्य ऐकायचं थांबलेलं नाही. मी काही जनावरांची डॉक्टर नव्हे. माणसं भांडण घेऊन येतात, आणि उकरत गेलं की कधी कधी खाली बोका निघतो.

वडगावातलं विणकराचं घर. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) सून आणि सासरे दोन महिने अबोला धरून. बोक्याचं वजन 6.8 किलो, डॉक्टरांच्या मते हवं 5च्या आसपास. नसबंदीनंतर मांजराची गरज घटते आणि भूक वाढते, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सुनेने चिडून दोन दिवस बोक्याचं खाणंच बंद केलं, तेव्हा डॉक्टर तिच्यावरच ओरडले. बरोबरच होतं. जाड मांजर असं उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साठते, जिवावर बेततं.

मी म्हटलं, दिवसाचं खाणं सकाळी एका डब्यात मोजून ठेवा. ज्याला द्यायचंय त्याने त्यातूनच द्यावं.

पुढच्या खेपेला सून म्हणाली, "डबा पाळतोय, तरी वजन हलेना. मामांच्या खिशात सुकट असते."

"ते डब्यातलं न्हवं," सासरे, म्हणजे काका, म्हणाले. "ते आमच्या दोघांतलं."

मी गप्प बसले. प्रश्नावल्यांपेक्षा माझा गप्प बसण्यावर भरवसा जास्त.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "बोका वरडला की मी उठतो. माग बंद झाल्यापास्नं दुपारी उठायला दुसरं कारण काय हाय?"

सुनेने हातातला फोन पालथा ठेवला.

'प्रेम म्हणजे खाऊ घालणं नव्हे' हे मी आजवर कितीजणांना ऐकवलंय! कुणाचाही हात त्याने थांबला नाही. इथे काकांचं उठणं काढून घ्यायचं नव्हतं, फक्त हातातली सुकट बदलायची होती. मांजराचं ओरडणं दर वेळी भुकेचं नसतं. पण ओरडल्यावर खायला मिळतं म्हटल्यावर ते तेवढंच ओरडायला शिकतं. काकांनी काठीला सुताचा गोंडा बांधला. खेळ झाला की तो कपाटात, कारण गिळलेलं सूत आतड्यात अडकतं. खाणं चार-पाच वेळा, थोडं थोडं. दर रविवारी सूत मोजायच्या काट्यावर वजन. आठवड्याला साठ-सत्तर ग्रॅमच्या वर उतरू द्यायचं नाही, ही अट मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहायला लावली.

तुमच्या घरीही मांजर असेल तर पोटाखाली लोंबणारी कातडी बघून घाबरू नका, ती सडपातळ मांजरालाही असते. बरगड्या चाचपा. आपल्या पालथ्या हाताची हाडं लागतात तशा लागल्या तर ठीक. तळव्यासारखं गुबगुबीत लागलं तर डॉक्टर गाठा.

सहा महिन्यांनी काकांनी वही दाखवली. 5.7 किलो. मध्ये एका रविवारी 40 ग्रॅम वाढ. पुढे सुनेच्या अक्षरात, 'मामांनी कुंदा दिला.' त्याखाली काकांचं वाकडं अक्षर, 'नखाएवढाच.'