लेकराचा पंप: भीती कशाची, चूक कुठे

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची, वजन 14 किलो. पावसाळ्यात चार वेळा धाप लागली. आता दम्यासाठी ब्युडेसोनाइडचा 100 मायक्रोग्रॅमचा पंप सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा, स्पेसर (पंप आणि तोंडामध्ये लावायची प्लास्टिकची नळी) आणि मास्क लावून चालू आहे. दोन आठवडे झाले, खोकला तसाच. सासूबाई म्हणतात, स्टेरॉइड आहे, सवय लागेल, उंची खुंटेल. बंद करू का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : लगेच बंद करू नका. हे औषध श्वासनळीची सूज हळूहळू उतरवतं, त्यामुळे नीट फरक दिसायला काही आठवडे जातात. उपयोग झाला की नाही, हे साधारण तीन महिन्यांनी डॉक्टरांनी ठरवायचं.

सवय लागत नाही. उंचीची शंका मात्र अगदीच खोटी नाही. अमेरिका-कॅनडात 5 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड चार ते सहा वर्षं दिलं होतं. ती मोठी झाल्यावर त्यांची उंची हे औषध न दिलेल्या मुलांपेक्षा सरासरी 1.2 सेंटिमीटर कमी भरली (2012 चा अहवाल). तुमच्या मुलीचा डोस त्याच्या निम्मा आहे. दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा. उलट धाप वाढली की पोटात द्यावं लागणारं स्टेरॉइड दिवसाला किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम, म्हणजे हिला किमान 14 मिलिग्रॅम. पंपातून दिवसाला जातं 0.2 मिलिग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे हा हिशेब काटेकोर धरू नका. पण पंपातलं गिळलं गेलेलं बहुतेक औषध यकृतातच निकामी होतं, हेही खरं.

फरक नाही म्हणता, तर आधी हात तपासा, औषध नंतर. पंप हलवा, स्पेसरला जोडा, मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवा. कडेला बोटभर फट राहिली तरी औषध बाहेर जातं. एकच फवारा मारा आणि नेहमीचे पाच ते दहा श्वास घेऊ द्या. स्पेसरमधला व्हॉल्व्ह (झडप) हलताना दिसला पाहिजे. मूल रडत असेल तर थांबा. रडताना औषध खोल जातं असं पुष्कळांना वाटतं, प्रत्यक्षात छातीत फारच थोडं पोचतं. मग तोंड पुसा, चूळ भरायला लावा किंवा पाणी पाजा, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते.

नवा स्पेसर न धुता वापरू नका. प्लास्टिकच्या स्थिर विजेने औषध भिंतीलाच चिकटतं. भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून काढा, तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात की वीज परत आली!

प्रश्न : पंप संपला का, हे आम्ही पाण्यात टाकून बघतो. शिवाय सध्या गावात गुऱ्हाळं सुरू आहेत, धूर असतो. मुलगा चार वर्षांचा.
– एक वाचक, कागल तालुका

उत्तर : पाण्यात टाकून काही कळत नाही. औषध संपल्यावरही पंपातून वायू सुटत राहतो. हिशेब मांडा : 200 फवाऱ्यांचा पंप, रोज दोन फवारे, तर 100 दिवस. सुरू केल्याची तारीख डब्यावर लिहा.

धुराचं म्हणाल, तर गुऱ्हाळ आणि पाचट जाळणं आपल्या हातात नाही. पण न्हाणीघरातला बंब, अगरबत्ती, मच्छरची कॉइल आणि घरातली विडी-सिगारेट आहे. सुरुवात तिथून करा.

प्रश्न : धाप लागली की रोजचा ब्युडेसोनाइडचाच पंप जास्त वेळा मारायचा का? आणि दमा कायमचा जाईल का?
– एक आजी, इचलकरंजी

उत्तर : नाही. तेव्हा साल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनळी लगेच मोकळी करणारा पंप. रंगावर जाऊ नका, नाव वाचा. स्पेसरमधून एकेक करून दोन फवारे, गरज वाटली तर 20 मिनिटांनी पुन्हा दोन, मग आणखी एकदा. दोन तासांत सहापेक्षा जास्त लागले, फासळ्या आत ओढल्या जाताहेत, बोलता-पिता येत नाही किंवा ओठ निळसर पडले, तर दवाखाना गाठा. अशा वेळी वाट बघायची नाही.

कायमचं म्हणाल, तर 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांना दोन वर्षं याच प्रकारचं पंपातलं स्टेरॉइड (फ्लुटिकासोन) दिलं होतं. चालू असेपर्यंत त्रास कमी राहिला, बंद केल्यावर वर्षभरात फरक उरला नाही. पुष्कळ मुलांची घरघर वयाबरोबर आपोआप थांबते, ते श्रेय पंपाचं नव्हे. म्हणूनच तीन-तीन महिन्यांनी डोस कमी करता येतो का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.