आम्ही मुलासमोर भांडत नाही, तरी घरातला ताण त्याला कळतो का?

आपण लिहिले आहे की आपला सहा वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून फार चिडचिडा झाला आहे, घरात पैशांवरून ताण आहे, परंतु आपण पती-पत्नी त्याच्यासमोर कधीही भांडत नाही. बीड जिल्ह्यातल्या शाळेत मी अनेक वर्षे पहिली-दुसरीचे वर्ग शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, त्याला कळते. काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते, काय बिघडले ते कळत नाही, आणि त्याचा त्रास नेमका तिथे आहे.

मूल शब्दांच्या आधी चेहरा वाचायला शिकते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात वर्षभराच्या बाळांना जाड काचेवरून आईकडे रांगत जायचे होते आणि काचेखाली खड्डा दिसत होता. आईच्या चेहऱ्यावर आनंद दिसला तेव्हा १९ पैकी १४ बाळे पलीकडे गेली. भीती दिसली तेव्हा १७ पैकी एकही गेले नाही. आईने तोंडातून शब्द काढला नव्हता. आपल्या मुलाला तर ताट जरा जोरात ठेवल्याचा आवाजही ऐकू येतो आणि ‘बाबांना सांग, जेवायला वाढलंय’ हा निरोप त्याच्याच हाती दिला जातो. मोठ्या आवाजातले भांडण निदान संपल्याचे कळते. अबोला केव्हा संपला, हे मुलाला कोणीच सांगत नाही.

आमच्या भागात हे दरवर्षी दिसते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत दसऱ्याच्या आधीपासूनच कुजबुज सुरू होते: मुलाला फडावर न्यायचे की आजीजवळ ठेवायचे? दुसरीतला एक मुलगा त्या दिवसांत वर्गातल्या मुलांना चावू लागला होता. आईला बोलावले तर ती म्हणाली, ‘त्याला काहीच माहीत नाही, गुरुजी.’ मी तिला सगळे खरे सांगायला सांगितले. तिने त्याला जवळ घेऊन सांगितले की आम्ही जाणार, तू आजीजवळ राहणार आणि गुढीपाडव्याच्या सुमारास आम्ही परत येणार. तो दोन दिवस रडला, पण चावणे थांबले. ते रडणे मला त्या चावण्यापेक्षा कितीतरी निरोगी वाटले.

म्हणून वाद लपवण्यातच सारी शक्ती खर्च करू नये. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी आई-वडिलांच्या वादांचा मुलांवर होणारा परिणाम दीर्घकाळ अभ्यासला. त्यातून दिसले की मिटलेला वाद पाहणारी मुले, न मिटलेला वाद पाहणाऱ्या मुलांपेक्षा कमी अस्वस्थ होतात. तेव्हा समेट मात्र त्याच्या डोळ्यांदेखत होऊ द्यावा. या वयाची मुले घरातल्या बिघाडाचे कारण सहज स्वतःकडे घेतात, त्यामुळे ‘आम्हाला पैशांची काळजी आहे, ती तुझ्यामुळे नाही’ हे वाक्य त्याला स्पष्ट ऐकवावे, आणि एकदा सांगून भागणार नाही. हे सारे मारहाण किंवा धमकी नसलेल्या घरासाठी आहे. तसे काही असेल तर आधी सुरक्षितता, आणि त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन व १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन आहे.

आपला मुलगा चिडतो, म्हणजे निदान दाखवतो तरी. माझ्या घरी अबोल्याचे दिवस होते तेव्हा माझी मुलगी अतिशय गुणी झाली होती. न सांगता पाणी भरायची, चपला ओळीत लावायची. आम्ही तिचे कौतुक करत राहिलो. ती घाबरली होती हे ध्यानात यायला फार उशीर झाला, याची खंत मला आजही आहे.

मात्र प्रत्येक चिडचिडीचे मूळ घरातच असते असे नाही, आणि त्याचा दोष आईच्या माथी मारण्याची आपल्याकडची सवय मला मान्य नाही. झोप पुरेशी होते का, कान दुखतो का, शाळेत कोणी त्रास देते का, हेही पाहावे, आणि त्याच्या बाईंशी या आठवड्यातच बोलावे.