घराचं व्हॅल्युएशन कमी का आलं? वाचकांचे प्रश्न, व्हॅल्यूअरची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकच आहे, आमच्या घराची किंमत एवढी आणि कागदावर तेवढीच का. मी सिव्हिल इंजिनिअर, रजिस्टर्ड व्हॅल्यूअर म्हणून बरीच वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. "किंमत किती" असं कोणी विचारलं की मी आधी विचारते "कशासाठी आणि कोणत्या तारखेची?" बँकेला लागणारी किंमत वेगळी, स्टँप ड्युटीची वेगळी, इन्कम टॅक्सची वेगळी, इन्शुरन्सची तर अगदीच वेगळी. घर तेच असतं. खालची चार पत्रं वाचलीत की लक्षात येईल.

प्रश्न: ताई नमस्कार, पुण्यात सिंहगड रोडला १९९५ च्या बिल्डिंगमधला टू बीएचके घेतोय. ७२ लाखांत ठरलंय, २ लाख टोकनही दिलंय. बँकेचा व्हॅल्यूअर आला, वीस मिनिटांत बघून गेला आणि व्हॅल्यू लावली साडेचौसष्ट लाख! ब्रोकर म्हणतो ९०० स्क्वेअर फूट आहे, शिवाय मालकाने दोन वर्षांपूर्वी ८ लाखांचं इंटीरियर केलंय, ते काहीच धरलं नाही का? रिपोर्टचं एक पान पाठवतोय. (एक वाचक, पुणे)

उत्तर: दादा, तुम्ही पाठवलेलं पान नीट बघितलं. त्या व्हॅल्यूअरने तुमच्यावर अन्याय केलेला नाही, पण बँकेत तुम्हाला हे कोणी समजावून सांगितलं नाही याचं मला वाईट वाटलं, कारण लोन घेणाऱ्या माणसाला हे कळायलाच पाहिजे.

आधी एरिया. ब्रोकरचे ९०० म्हणजे सेलेबल, त्यात जिना, पॅसेज, सगळ्याचा वाटा घातलेला असतो. व्हॅल्यूअर धरतो अ‍ॅग्रीमेंटमधला आणि मंजूर नकाशातला एरिया, तुमच्या रिपोर्टमध्ये तो ७७० स्क्वेअर फूट बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट, लिहिलाय. टेरेस बंद करून खोली केलेली असेल तरी नकाशात ती टेरेसच आहे, तिला खोलीचा भाव मिळत नाही. असं वाढवलेलं बांधकाम ओळखायला फार कष्ट पडत नाहीत, हॉलमधून पुढे जाताना टाइल्सचा रंग बदलतो किंवा फरशीत उंबरठ्याची एक बारीक रेघ दिसते, तिथेच पूर्वी टेरेसचं दार होतं. मी तिथे थांबते, टेप लावते आणि नकाशा उघडते.

मग रेट. आजूबाजूला गेल्या काही महिन्यांत झालेले खरेदीखतांचे व्यवहार, ब्रोकर लोकांकडचे चालू भाव, सगळं बघून त्या भागातल्या नव्या बिल्डिंगचा एक रेट काढतात. तुमच्या रिपोर्टमध्ये तो स्क्वेअर फुटाला ९५०० आहे. त्याचे दोन तुकडे केलेत, ७००० जमिनीचे वगैरे आणि २५०० बांधकामाचे. जमीन झिजत नाही, बांधकाम झिजतं. आरसीसी बिल्डिंगचं आयुष्य साधारण ६० वर्षं धरतात, शेवटी भंगाराचे १० टक्के उरतात असं धरून बाकीचे ९० टक्के ६० वर्षांत वाटले की वर्षाला दीड टक्का घसारा पडतो. तुमची बिल्डिंग ३० वर्षांची, म्हणजे ४५ टक्के. २५०० च्या ४५ टक्के म्हणजे ११२५ गेले, राहिला रेट ८३७५, गुणिले ७७०, झाले चौसष्ट लाख अठ्ठेचाळीस हजार सातशे पन्नास. हेच ते साडेचौसष्ट.

इंटीरियरचं म्हणाल तर मॉड्युलर किचन, पीओपी, वॉर्डरोब यांना बँकेच्या व्हॅल्युएशनमध्ये जवळजवळ काही मिळत नाही, कारण बँकेचा विचार असा की उद्या हप्ते थकले आणि घर विकायची वेळ आली तर नवीन गिऱ्हाईक ते फर्निचर आवडीने घेईलच असं नाही. तुमच्यासाठी त्याची किंमत खरी आहे, मालकाने पैसेही खरेच घातलेत, फक्त ते तारण म्हणून उपयोगाचं नाही.

वीस मिनिटांचं पण सांगते. मी स्वतः फ्लॅटमध्ये जायच्या आधी पार्किंगमध्ये जाते. कॉलमचं प्लास्टर फुटून आतली सळई गंजलेली दिसतेय का, स्लॅबला ओल आहे का, टाकीच्या खाली पांढरे डाग आहेत का, हे बघायला पाच मिनिटं पुरतात आणि बिल्डिंगची तब्येत तिथेच कळते. वरच्या मजल्यावरचा नवा रंग बघून काही कळत नाही. त्यामुळे वेळ कमी लागला म्हणून काम उरकलं असं लगेच धरू नका, मात्र तो पार्किंगमध्ये, टेरेसवर गेलाच नसेल तर तुमची शंका बरोबर आहे.

आता पैशाचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, आणि बँका अ‍ॅग्रीमेंटची रक्कम व व्हॅल्युएशन यातली जी कमी ती धरतात. म्हणजे ७२ वर ५७ लाख ६० हजार मिळाले असते ते आता ५१ लाख ६० हजार मिळतील. ६ लाखांची सोय वेगळी करावी लागेल, शिवाय स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन तुमच्याच खिशातून, ते यात धरत नाहीत.

काय करता येईल? पूर्ण रिपोर्टची कॉपी मागा. तुमच्याच बिल्डिंगमधल्या किंवा शेजारच्या तशाच जुन्या बिल्डिंगमधल्या अलीकडच्या व्यवहारांची इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये काढा, त्यात चांगला भाव दिसला तर बँकेला लेखी द्या आणि फेरविचार करायला सांगा. ऐकतात, मी स्वतः असे कागद बघून रिपोर्ट सुधारलेत. पण ई-सर्चमध्ये भाव कमी दिसले तर त्याचं कारणही समजून घ्या, मागच्या विकणाऱ्याने अर्धे पैसे रोख घेऊन कागदावर कमी रक्कम दाखवलेली असू शकते आणि त्याचा फटका आज तुम्हाला बसतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, पूर्ण रक्कम अ‍ॅग्रीमेंटवर लिहा, तुमच्या शेजाऱ्याचं घरही त्यावरच मोजलं जाणार आहे.

आणि ब्रोकर म्हणाला की "दुसरा व्हॅल्यूअर बघू, वाढवून देईल", तर कृपा करून हो म्हणू नका. वाढवलेल्या व्हॅल्यूने घराचा भाव वाढत नाही, तुमचा हप्ता वाढतो. त्यापेक्षा हा रिपोर्ट मालकाला दाखवा आणि भाव खाली आणायचा प्रयत्न करा, टोकनच दिलंय, अ‍ॅग्रीमेंट अजून व्हायचंय, बोलायला जागा आहे.

प्रश्न: मॅडम, वडिलांनी १९८४ साली नाशिकला दोन गुंठ्यांवर बंगला बांधला, २००८ ला आम्ही वर मजला चढवला. वडील गेले, आता विकतोय, साधारण ६० लाख येतील. सीए म्हणतात २००१ चं व्हॅल्युएशन आणा. पंचवीस वर्षांपूर्वीची किंमत आज कोण आणि कशी सांगणार? (वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर: ताई, सांगता येते आणि तुमच्या केसमध्ये तर याच एका कागदावर लाखभर नाही, काही लाख रुपये अवलंबून आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घराला विक्रीच्या नफ्यावरच्या टॅक्ससाठी मूळ खरेदीऐवजी त्या दिवशीची बाजारभावाची किंमत धरायची मुभा आहे, वारसाने आलेलं असलं तरी. एक मर्यादा आहे, ती किंमत त्या तारखेच्या रेडी रेकनरच्या, म्हणजे स्टँप ड्युटीसाठीच्या सरकारी दरांच्या तक्त्यातल्या, किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही. जुने तक्ते मिळतात, रजिस्टर्ड व्हॅल्यूअर ते काढून बघतो.

मोजायचं कसं, तर जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळं. दोन गुंठे म्हणजे २१७८ स्क्वेअर फूट, त्याला २००१ चा जमिनीचा दर. बांधकामाला २००१ चा बांधकाम खर्च आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा, आणि इथे हमखास चूक होते. घराचं वय आजचं नाही, २००१ चं धरायचं. तेव्हा घर १७ वर्षांचं होतं, म्हणजे घसारा साडेपंचवीस टक्के. माझ्याकडे एकदा चाळीस वर्षांचा घसारा लावलेला रिपोर्ट दुरुस्तीला आला होता, त्या कुटुंबाचं त्यात उगाच नुकसान होत होतं. दुसरी गोष्ट, २००८ चा मजला २००१ च्या किमतीत येणार नाही, तो सुधारणेचा खर्च म्हणून वेगळा दाखवायचा, त्यासाठी तेव्हाची बिलं, महापालिकेची परवानगी, काहीही शोधा.

पुरावा म्हणून घरपट्टीचा जुना आकारणी उतारा, लाइटचं बिल आणि घरातले अल्बम बाहेर काढा. अंगणात काढलेल्या मुंजीच्या किंवा लग्नाच्या फोटोत मागे घर दिसतं, किती मजले होते, छप्पर कसं होतं, कंपाउंड होतं का, सगळं. असे फोटो मी रिपोर्टला जोडलेत आणि त्यांचा उपयोग झालाय.

आता आकडे. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला भारतात राहणाऱ्या व्यक्तीला दोन पद्धती आहेत, इंडेक्सेशनशिवाय साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशन करून, म्हणजे जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवून, २० टक्के, ज्यात टॅक्स कमी ती. २००१-०२ चा इंडेक्स १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणजे त्या वर्षात विक्री झाली तर २००१ ची किंमत पावणेचार पटीच्या थोडी वर जाते. समजा तुमच्या घराची २००१ ची किंमत ४ लाख निघाली. साडेबारा टक्क्यांनी ५६ लाखांवर ७ लाख टॅक्स, इंडेक्सेशनने जवळजवळ ९ लाख, म्हणजे पहिली पद्धत बरी. पण तीच किंमत १० लाख निघाली तर साडेबाराने सव्वासहा लाख आणि इंडेक्सेशनने साधारण साडेचार लाख, गणित एकदम उलटं! यात २००८ चा खर्च आणि सेस धरलेला नाही, ते सीए करतील. तुमच्या भावंडांपैकी कोणी परदेशात असेल तर त्यांच्या हिश्श्याला हा इंडेक्सेशनचा पर्याय बहुधा मिळणार नाही, तेही आत्ताच विचारून घ्या. आणि २००१ ची किंमत फुगवून मागू नका, तक्त्याची मर्यादा ओलांडली की तो रिपोर्ट टिकत नाही. बरोबर काढलेली किंमतच पुष्कळदा लोकांना वाटते त्यापेक्षा चांगली असते.

प्रश्न: सांगलीला आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, लिफ्ट नाही, बिल्डिंग जुनी. गिऱ्हाईक ३३ लाखांच्या वर जात नाही आणि रेडी रेकनरने किंमत येते ३८ लाख. मग ३३ ला विकता येणार नाही का? (ज्येष्ठ वाचक, सांगली)

उत्तर: काका, विकता येईल, विक्रीला बंदी नाही. स्टँप ड्युटी मात्र दोन्हीपैकी जास्त रकमेवर लागते, म्हणजे ३८ वर. आणि इन्कम टॅक्सला फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर चालतो, तुमचे ३३ लाख अधिक १० टक्के म्हणजे ३६ लाख ३० हजार, ३८ त्याच्या वर गेले. त्यामुळे तुमचा नफा ३८ लाखांना विकलं असं धरून मोजतील आणि घेणाऱ्याच्याही उत्पन्नात मधले ५ लाख धरतील, दोघांनाही भुर्दंड.

पण आधी तो ३८ चा आकडा कोणी काढला ते बघा. रेडी रेकनरचे दर डोळे झाकून सगळ्यांना सारखे लावायचे नसतात, त्यासोबत मूल्यांकनाच्या सूचना असतात, त्यात जुन्या बांधकामाला घसारा आहे आणि लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याला कमी दर आहे. एजंट घाईत नुसता दर गुणिले एरिया करतात आणि या दोन्ही सवलती राहून जातात. ते धरून पुन्हा काढा, कदाचित प्रश्नच मिटेल. नाहीच मिटला तर खरेदीखत करायच्या आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे स्टँप ड्युटी किती ते आधीच ठरवून घ्यायला, अर्ज करता येतो आणि इन्कम टॅक्सला "ही किंमत बाजारभावापेक्षा जास्त आहे, व्हॅल्युएशन ऑफिसरकडे पाठवा" असं म्हणता येतं. त्यासाठी रजिस्टर्ड व्हॅल्यूअरचा रिपोर्ट विक्रीच्या वेळचाच करून ठेवा, फोटोसकट, जिन्याच्या पायऱ्याही त्यात येऊ द्या. दोन वर्षांनी नोटीस आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही, तेव्हा फ्लॅट दुसऱ्याचा असतो आणि आत जाऊन बघताही येत नाही.

प्रश्न: फ्लॅटची किंमत ८० लाख आहे, इन्शुरन्सही ८० लाखांचाच काढायचा ना? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही हो, आग किंवा भूकंपात जमीन जात नाही, बांधकाम जातं, म्हणून इन्शुरन्स पुन्हा बांधायच्या खर्चाचा. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची स्टँडर्ड पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे मिळते, तिच्यात कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, गुणिले त्या दिवशीचा बांधकामाचा दर असाच हिशोब आहे. तुमचा कार्पेट ६०० असेल आणि दर ३००० धरला तर १८ लाख झाले. फर्निचर, टीव्ही, फ्रिजचं कव्हर घेताना मात्र घरातल्या सामानाची यादी स्वतः करा, आणि इंटीरियरचं बिल फेकू नका, बँकेत चाललं नाही तरी इथे लागतं.