जुनी गिब्सन गिटार घेतली, आत निघालं भलतंच: पैसे परत मागता येतील का?

नमस्कार, तुमचा मेल आणि सगळे स्क्रीनशॉट बघितले. बाकीच्यांसाठी मॅटर थोडक्यात सांगतो. तुम्ही पुण्याचे, बांद्र्याच्या एका माणसाकडून १ लाख ८५ हजाराला 'गिब्सन एलजी-२, १९५६, सगळं ओरिजिनल, टोन एकदम किलर' असं चॅटवर ठरवून अकूस्टिक घेतली, त्याच्या घरी जाऊन अर्धा तास वाजवली, दीड लाख ट्रान्सफर आणि पस्तीस हजार कॅश दिले. घरी आल्यावर आवाज कोरडा वाटायला लागला, तीन आठवड्यांनी लूथियरकडे (गिटार बनवणारा-दुरुस्त करणारा कारागीर) नेली तर त्याने साउंडहोलमधून आरसा घालून सांगितलं की आत एक्स ब्रेसिंग (आधार देणाऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्या) नाहीये, लॅडर म्हणजे शिडीसारखं आहे, म्हणजे ही एलजी-१, शिवाय ब्रिज (तारा अडकवायची पट्टी) बदललेला आणि टॉपची, म्हणजे पुढच्या फळीची, जुनी क्रॅक चिकटवून वरून स्प्रे मारलेला. विकणारा म्हणतो, सेकंडहँड माल आहे, वाजवून घेतलात, विषय संपला.

संपला वगैरे काही नाही, पण तुम्ही भांडताय चुकीच्या मुद्द्यावर. तुमच्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त मजकूर 'आवाज खराब आहे' यावर आहे आणि कोर्टात त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. 'टोन किलर' हे मत झालं, प्रत्येक विकणारा तेच म्हणतो, आणि तुम्ही तर स्वतः वाजवून ऐकलाय. ॲक्शन वर आहे (तारा मानेपासून जास्त उंच), मानेवरच्या धातूच्या फ्रेट झिजलेत, पॉलिशला चरे आहेत, हे पण सोडून द्या, नीट बघितलं असतं तर दिसलं असतं असंच समोरचा वकील म्हणणार आणि सेल ऑफ गुड्स ॲक्ट १९३० चं कलम १६ त्याच्या बाजूने उभं राहील.

तुमची खरी केस ब्रेसिंगची आहे. एलजी-१ आणि एलजी-२ बाहेरून जवळपास सारख्याच, दोन्ही गिब्सनच्या अमेरिकेतल्या कॅलामझूच्या फॅक्टरीतल्या, स्प्रूस टॉप, महोगनी बॉडी. फरक आत, टॉपच्या खाली चिकटवलेल्या पट्ट्यांचा. एलजी-२ मध्ये त्या एकमेकींना छेदून जातात, टॉप मोकळा हलतो, बास भरून येतो. एलजी-१ मध्ये शिडीसारख्या आडव्या, म्हणून आवाज कोरडा, मिडरेंज पुढे आणि लवकर विरणारा. (काही ब्लूजवाले तोच आवाज शोधत फिरतात, त्यामुळे गिटार टाकाऊ आहे असं कुठेही लिहू नका, जज विचारेल मग तक्रार काय.) मार्केटमध्ये एलजी-१ ची किंमत कमी. म्हणजे मॉडेल कोणतं आणि पार्ट ओरिजिनल आहेत का हे मत नाही, फॅक्ट आहे, आणि वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे असं त्याच ॲक्टचं कलम १५ सांगतं. तुम्ही वस्तू हातात घेऊन बघितली म्हणून ते आपोआप गळून पडत नाही, कारण हा फरक वाजवताना डोळ्यांना दिसत नाही.

आता गोची कुठे आहे ते सांगतो. माल स्वीकारलात असं धरलं गेलं तर कलम १३ प्रमाणे सहसा परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. आणि वाजवी मुदतीत काही न कळवता वस्तू ठेवून घेतली तर कलम ४२ म्हणतं स्वीकारली. वाजवी मुदत म्हणजे किती हे केसवर ठरतं, तुमचे तीन आठवडे मला धोक्याचे वाटत नाहीत, पण यापुढचा प्रत्येक आठवडा तुमच्या विरुद्ध जाईल. म्हणून आज संध्याकाळीच त्याला मेसेज आणि ईमेल करा की ही एलजी-२ नाही, मी व्यवहार रद्द करतोय, गिटार घेऊन जा आणि पैसे द्या. आणि प्लीज लूथियरला नेक रिसेट (मान काढून पुन्हा बसवणं), नवीन ब्रिज वगैरे काहीही करू देऊ नका, त्याने फक्त आरशातले फोटो, आतल्या फॅक्टरी ऑर्डर नंबरचा फोटो आणि सही-तारखेसह लेखी रिपोर्ट द्यायचा.

विकणाऱ्याला हे आधीच माहीत होतं असं दाखवता आलं तर केस खूप मजबूत होते. क्रॅकवर मुद्दाम स्प्रे मारून लपवणं म्हणजे कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ च्या कलम १७ मधली फसवणूक, मग कलम १९ खाली करार रद्द करता येतो आणि 'तुम्ही आरसा घालून बघायला हवं होतं' हा बचाव तिथे सहसा चालत नाही. तुम्ही आतला फोटो मागितल्यावर तो 'ट्रस्ट मी भाई' म्हणाला तो स्क्रीनशॉट सोन्याचा आहे. फोन फॉरमॅट करू नका, चॅट पुराव्यात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याचा कायदा) कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं. कॅशची पावती नाही म्हणून घाबरू नका, '३५ मिळाले, थँक्स' असं त्यानेच लिहिलंय.

कुठे जायचं? तुम्ही म्हणता त्याच्या आणखी चार-पाच गिटार विकायला आहेत. तो हे धंदा म्हणून करत असेल तर पुण्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. त्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट तो डिलीट करायच्या आत काढा. फक्त स्वतःची एक गिटार विकणारा निघाला तर मात्र दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं, आणि बहुतेक मुंबईत, म्हणजे हेलपाटे तुमचे. पोलिसात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची (चीटिंगची) तक्रार देता येते पण ते सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवतील अशी तयारी ठेवा, सुरुवातीपासूनचा खोटा हेतू दाखवल्याशिवाय चीटिंग होत नाही.

माझं विचाराल तर आधी वकिलाची नोटीस, १५ दिवसांची मुदत, आणि त्यात दोन पर्याय: गिटार परत घेऊन पूर्ण पैसे, नाहीतर एलजी-१ आणि एलजी-२ च्या किमतीतला फरक. आजचा मेसेज आणि नोटीस पाठवायच्या आधी एकच ठरवा, ही गिटार तुम्हाला ठेवायचीय का, कारण ठेवायची असेल तर रद्द करतोय असा मेसेज न पाठवता थेट फरकच मागा.