नव्या फोनची वाट बघू, की आहे तो घेऊ?

प्रश्न : ताई, मी मूळचा बार्शीचा, सध्या चाकणला नोकरीला आहे. माझा फोन पाच वर्षं जुना आहे, दुपारनंतर बॅटरी टिकत नाही. पुढच्या महिन्यात एक नवा फोन लाँच होतोय. त्याच्या बातम्या रोज बघतो. कॅमेरा, बॅटरी, रंग सगळं आधीच बाहेर आलंय. दोन हजार भरून आत्ताच बुकिंग केलं तर इअरबड फुकट मिळणार आहेत. मोठा भाऊ म्हणतो, लाँचला दाखवतात ते सगळं थोतांड, गपचूप गेल्या वर्षीचा घे. रूममेट म्हणतो, इतके दिवस थांबलास तर अजून महिनाभर थांब. काय करू?

उत्तर : तुमच्या उत्सुकतेला मी नावं ठेवणार नाही. साताऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नवं मॉडेल यायच्या आधी मुलं काउंटरवर येऊन "ताई, हा बघा, असा येणार आहे" म्हणून फोटो दाखवतात, तेव्हा मलाही बघावंसं वाटतं. पगारातून महिनोन्महिने बाजूला काढून घ्यायची वस्तू आहे ही. तिची वाट बघण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की वाट बघताना पैसे कोणाच्या खिशात असावेत? माझं उत्तर : तुमच्या.

आधी त्या बातम्यांचं सांगते. सगळ्याच पुड्या नसतात. भारतात विकायच्या फोनला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, नोंदणी लागते, त्यामुळे मॉडेलचा नंबर लाँचच्या आधीच तिथल्या यादीत सापडतो. गीकबेंचसारख्या, फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपच्या चाचणीत कोणी फोन चालवून पाहिला, की प्रोसेसर आणि रॅम कळते. आणि आमच्या धंद्यात तर कव्हरवाला फोनच्याही आधी येतो. होलसेलवाल्याच्या गठ्ठ्यात बाजारात न आलेल्या फोनची कव्हरं असतात. कॅमेऱ्याची खाच कुठे आहे, बटणं कोणत्या बाजूला आहेत, हे त्यावर बोट फिरवून सांगता येतं. तेव्हा फोन दिसतो कसा आणि त्यात चिप कोणती, एवढं तुम्हाला कळलेलं बहुधा बरोबरच असेल. पण उन्हात बाइकवर मॅप लावला की तो किती तापतो, कंपनीच्या शेडमध्ये रेंज पकडतो का, व्हिडिओ कॉलवर तासाभरात बॅटरी किती उतरते, हे अशा आधीच फुटलेल्या कुठल्याच माहितीत नसतं. फोन लोकांच्या हातात गेल्यावरच ते कळतं.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. त्यांची शंका रास्त आहे, फक्त निष्कर्ष जरा घाईचा आहे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये नोकियाने न्यूयॉर्कमध्ये ल्युमिया ९२० दाखवला. हात हलला तरी व्हिडिओ स्थिर येतो, ही त्याची खासियत. जाहिरातीत सायकलवरच्या मुलीचं अगदी संथ, सुंदर चित्रण होतं. कोणीतरी बारकाईने पाहिलं, तर मागच्या गाडीच्या काचेत मोठा कॅमेरा घेतलेला माणूस दिसत होता. ते चित्रण त्या फोनचं नव्हतंच. नोकियाला माफी मागावी लागली. पण पुढे फोन प्रत्यक्ष हातात आला तेव्हा त्याचा कॅमेरा खरोखर चांगला निघाला. परीक्षण करणाऱ्यांनी कमी उजेडातल्या फोटोंची तारीफ केली. म्हणजे जाहिरात खोटी आणि फोन चांगला, असंही होतं. म्हणून मी लाँचचा कार्यक्रम पाहून फोनला हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती "नंतर अपडेटमधून देऊ" या वाक्याची. सिरी म्हणजे आयफोनमधली, बोलून काम सांगता येणारी मदतनीस. २०२४ च्या जूनमध्ये ॲपलने नवी सिरी दाखवली. तुमचे मेल, मेसेज समजून घेऊन उत्तर देणारी. अशा एआयच्या सोयींना कंपनीने ॲपल इंटेलिजन्स नाव दिलं, आणि सप्टेंबरमध्ये आयफोन १६ विकला गेला तो त्याच नावावर. २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने सांगितलं, की सिरीच्या त्या सोयींना अजून वेळ लागेल. ज्यांनी त्याच एका गोष्टीसाठी लाखाच्या घरात पैसे घातले, त्यांच्या हाती ती आली नव्हती.

आपल्याकडे फाइव्ह-जीच्या बाबतीतही हेच झालं. देशात सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. फोनच्या खोक्यांवर मात्र २०२० पासूनच फाइव्ह-जी छापलेलं. सेवा आल्यावर कळलं, की काही फोन फाइव्ह-जीच्या लहरींचा एकच पट्टा, म्हणजे बँड, पकडतात, आणि महागड्या फोनांनाही आधी सॉफ्टवेअर अपडेट लागणार आहे. आयफोनवाल्यांना ते डिसेंबरात मिळालं. माझ्या काउंटरवर लोक चिडून येत होते, "फाइव्ह-जीचे पैसे घेतले आणि चिन्ह दिसत नाही" म्हणत. त्यांचं काय चुकलं? छापलेलं वाचून विश्वास ठेवला, एवढंच.

म्हणून लाँच बघताना कागद घेऊन बसा. जे "आजपासून" म्हणतील ते एका बाजूला लिहा, "लवकरच" म्हणतील ते दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू हाताने झाका आणि मग ठरवा, उरलेल्या फोनला ही किंमत द्यायची का. किंमत लिहिताना मोठ्या अक्षरातला आकडा धरू नका. त्यात एका बँकेच्या कार्डाची सूट आणि जुन्या फोनचा एक्स्चेंज बोनस आधीच वजा केलेला असतो. तुमच्याकडे ते कार्ड नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. खोक्यात चार्जर आहे का, तेही बघा. किती वर्षं अपडेट देणार, हे मात्र जरूर विचारात घ्या, कारण ते काही कंपन्या आता वर्षं मोजून लेखी सांगतात. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस २४ पासून सात वर्षं जाहीर केली. लेखी असलं की उद्या बोट दाखवता येतं.

आणखी एक, जे लाँचमध्ये कोणीच बोलत नाही. नवा फोन पहिल्या महिन्यातच हातातून पडला तर? मॉडेल ताजं असताना बाहेरच्या बाजारात त्याचा डिस्प्ले मिळत नाही. आम्ही त्याला फोल्डर म्हणतो. दिल्ली-मुंबईच्या व्यापाऱ्यांना फोन लावायचे, "अजून आला नाही" ऐकायचं. कंपनीच्या सेंटरलाही कधीकधी पार्ट मागवायला लागतो. त्यात कडा वळवलेली काच असेल तर साधी टेम्पर्ड बसत नाही. कडेला हवा राहते आणि धूळ शिरते. मग पातळ गोंद सोडून, निळसर दिव्याखाली धरून ती चिकटवावी लागते, आणि गोंद जास्त झाला तर स्पीकरच्या जाळीत उतरतो. असा फोन घेऊन रडवेली झालेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते : घ्यायचाच असेल तर सपाट काचेचा घ्या.

तर तुम्ही असं करा. बुकिंग करू नका. इअरबड फुकट नसतात, तुमच्या घाईची किंमत असते ती. आज आहे त्या फोनची बॅटरी बदलून घ्या; नव्या फोनच्या मानाने खर्च अगदी थोडा. त्याआधी फोन सपाट टेबलावर ठेवून मागच्या पॅनेलच्या कडेवरून नख फिरवा. फट जाणवली, पॅनेल उचललेलं वाटलं, तर बॅटरी फुगली आहे. मग एक दिवसही थांबू नका आणि रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका. बॅटरी नवी झाली की तुमच्या डोक्यावरची घाई जाईल. लाँचनंतर महिना-दीड महिना जाऊ द्या. शिफ्टमधल्या कोणीतरी तोवर तो घेतलेला असेल, त्याला दुपारी दोन वाजता विचारा किती टक्के उरलीये. आवडला तर बिनधास्त घ्या. नाही आवडला, तर भाऊ म्हणतात तो गेल्या वर्षीचा फोन तोवर बहुधा स्वस्तही झालेला असेल.

प्रश्न : मी देवरुखजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. पालकांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : विद्यार्थ्यांसाठी नवा स्मार्टफोन येतोय, किंमत नऊशे रुपये, आत्ता नव्व्याण्णव भरून नाव नोंदवा. लिंकवर फोटोही आहे. काही पालकांनी पैसे भरले. मी काय सांगू?

उत्तर : मॅडम, आजच ग्रुपवर लिहा की कोणीही पैसे भरू नका. २०१६ च्या फेब्रुवारीत नोएडाच्या रिंगिंग बेल्सने फ्रीडम २५१ जाहीर केला होता, किंमत अवघी २५१ रुपये. कार्यक्रमाला मोठे नेते हजर, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती, आणि बुकिंग उघडताच वेबसाइट कोलमडली. पत्रकारांना दिलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच कंपनीचं नाव व्हाइटनरने झाकलेलं होतं. खासदार किरीट सोमय्यांनी तेव्हाच शंका घेतली होती. कबूल केलेले फोन बहुतेक लोकांना मिळालेच नाहीत, आणि वर्षभराने कंपनीच्या प्रमुखाला एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली.

खरा स्वस्त फोन कसा येतो, तेही पालकांना सांगा. जिओफोन नेक्स्ट २०२१ च्या गणेश चतुर्थीला येणार होता, चर्चा साडेतीन हजारांची होती. चिपच्या टंचाईमुळे तो दिवाळीवर गेला आणि किंमत निघाली ६,४९९ रुपये. एवढी मोठी कंपनी, तरी तिलाही तेव्हा त्याखाली उतरता आलं नाही. स्क्रीन, बॅटरी, चिप विकत आणावीच लागते आणि वर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो; नऊशे रुपयांत हे बसत नाही.

ज्यांनी पैसे भरले त्यांनी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा किंवा सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त. नव्व्याण्णवच गेले म्हणून सोडू नका. लिंकवर कार्डचा नंबर किंवा ओटीपी टाकला असेल तर बँकेला कळवून कार्ड बंद करा. कोणी त्या लिंकवरून ॲप उतरवलं असेल, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करून ते काढून टाका. तुमच्या पालकांपैकी कोणी घाबरून गप्प बसलं असेल, तर त्यांच्या घरी जाऊन बोला. मुलाच्या शिक्षणासाठीच भरले होते त्यांनी पैसे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रश्न : मी म्हापशाची. मुलगी अमेरिकेत असते. नवा आयफोन लाँच झाला की तिथून आणते म्हणतेय, इथल्यापेक्षा स्वस्त पडतो. घ्यावा का?

उत्तर : तिला हो म्हणायच्या आधी सिमचं बघा. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, चालतं. तुमचं सिम ज्या कंपनीचं आहे तिच्या दुकानात जाऊन ई-सिम करून मिळेल का, ते विचारा. फोन बिघडला की आपण सिम काढून जुन्या फोनमध्ये घालतो, ती सोयही इथे नसेल. दुसरं, मुलीला सांगा की फोन "अनलॉक्ड" आणि पूर्ण पैसे भरून घ्यायचा. तिथल्या मोबाइल कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन बऱ्याचदा तिच्याच नेटवर्कला बांधलेला असतो, इथलं सिम त्यात चालत नाही. बिल जपून सोबत पाठवायला सांगा. तिसरं, मुलगी इथे असतानाच फोन सुरू करून, ई-सिम टाकून, चार दिवस वापरून बघा.